कुत्रा पुन्हा पुन्हा ओकतोय? औषधाआधी त्याच्या पोटात काय गेलं ते शोधा

लक्षणं

पहाटे पिवळ्या फेसाची उलटी. सकाळी वाडग्याला नाक लावून मागे सरणं. दुपारी पातळ शी, संध्याकाळी जरा तरतरी, दुसऱ्या दिवशी शेपटी हलवत दारात हजर. आणि दोन-तीन आठवड्यांनी, बहुतेक वेळा सणाच्या किंवा रविवारच्या दुसऱ्या दिवशी, पुन्हा तेच. असं चक्र चालू असेल तर मला आधी संशय येतो तो माणसांच्या ताटातल्या पदार्थांचा.

उलटीच्या जोडीला आणखी काय दिसतंय, त्यावरून कुठे शोधायचं ते कळतं.

- अंग थरथरतंय, छाती धडधडतेय, एका जागी बसवत नाही: चॉकलेट, कोको, कॉफीची पूड, चहाचा चोथा.
- अर्ध्या-एक तासातच झिंगल्यासारखा चालतोय, पाय वळतायत, एकदम गळून गेलाय: साखरविरहित च्युइंगम किंवा गोळी, नाहीतर दारू.
- हिरड्या फिक्या, लघवी काळ्या चहासारखी, दोन जिने चढला तरी धापा: कांदा-लसूण. हे खाल्ल्याच्या दिवशी दिसत नाही, तीन-चार दिवसांनी दिसतं.
- सुस्ती, अन्नावर वासना नाही, आणि लघवी कमी होत होत थांबते: द्राक्षं, मनुका, बेदाणे. चिंचही.
- पुढचे पाय टेकून मागचा भाग वर, नमस्कार घातल्यासारखा, तसाच उभा राहतोय: तेलकट-तुपकट खाल्ल्याने स्वादुपिंडाला आलेली सूज.
- ओकारीसाठी जोर करतोय पण बाहेर काही येत नाही, शी बंद: हाड, आंब्याची कोय, दाणे खाऊन फेकलेलं मक्याचं कणीस.

नाशिकला माझ्या घरी मी गेली बारा वर्षं लोकांची कुत्री सांभाळते. माणसं गावाला निघाली की कुत्रा माझ्याकडे. त्यामुळे आसपासच्या कॉलन्यांतून फोनही येतात आणि बहुतेकांचं वाक्य एकच असतं: "ताई, काल रात्री ओकला, पण आता बरा वाटतोय. थांबू का?"

एका फेब्रुवारीत मखमलाबादकडच्या द्राक्षबागेतून असाच फोन आला. माल काढणी चालू होती, वेलांखाली गळालेल्या मण्यांचा सडा होता. शेरू रात्री दोनदा ओकला होता. उलटीत हिरवी, अर्धवट चावलेली सालं होती. सकाळी त्याने भाकरी खाल्ली. मी म्हटलं, मऊ भात द्या, आराम करू दे. तिसऱ्या दिवशी त्याने लघवीच केली नाही. रक्त तपासलं तोवर क्रिएटिनिन (मूत्रपिंड किती काम करतंय ते दाखवणारा रक्तातला आकडा) इतकं चढलेलं होतं की सलाईन लावून काही उपयोग झाला नाही. पाचव्या दिवशी तो गेला. "आराम करू दे" हा सल्ला माझा होता. तेव्हापासून मी एकच गोष्ट सगळ्यांना सांगते: तास मोजायचे ते खाल्ल्यापासून. उलटी थांबल्यापासून मोजू नका, कारण मूत्रपिंड आणि रक्त बिघडत असताना कुत्रा मधला दिवसभर अगदी बरा दिसू शकतो.

पहिली तपासणी: आत्ता धावायचं आहे का?

दोन मिनिटं लागतात. कुत्र्याचा वरचा ओठ उचला आणि हिरडी बोटाने दाबून सोडा. दाबलेला भाग पांढरा पडतो आणि दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. रंग उशिरा येत असेल, किंवा हिरडी मुळातच पांढुरकी, पिवळी, निळसर असेल, तर पुढचं वाचू नका, गाडी काढा. झटके, शुद्ध हरपणं, श्वासाला त्रास, उलटीत किंवा शीत रक्त, पोट ढोलासारखं फुगून नुसतीच कोरडी ओकारी, यातलं काहीही असेल तरी तसंच. काही कुत्र्यांच्या हिरड्या जन्मतः काळ्या असतात. त्यांची खालची पापणी ओढून आतला रंग बघा.

ही तपासणी पहिली अशासाठी की खालची सगळी शोधाशोध वेळ खाते आणि वरच्या परिस्थितीत तो वेळ तुमच्याकडे नसतो.

दुसरी: घरातल्या प्रत्येकाला विचारा, पण रागावू नका

पैसा लागत नाही, तरी लोक सगळ्यात जास्त टाळतात ती हीच. "कोणी काय दिलं?" असं आवाज चढवून विचारलं की आजी, मुलं, कामाच्या मावशी सगळ्यांचं उत्तर "काही नाही" येतं. मी असं विचारते: "आजी, काल ब्रुनोला प्रसाद मिळाला की नाही?" मग आजी खुशीने सांगतात, "दिला की, वाटीभर शिरा दिला." आणि सत्यनारायणाच्या शिऱ्यात बेदाणे असतात.

आपल्याकडे कुत्र्याला घास घालणं हे पुण्याचं काम. दत्तजयंतीला, खंडोबाच्या नावाने, पितृपक्षात लोक मनापासून खाऊ घालतात. त्यामागच्या मायेबद्दल माझी तक्रार नाही. पण खीर, शिरा, पंचखाद्य, चिवडा यांतल्या बेदाण्याकडे कोणी पाहत नाही. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो, म्हणजे एका मुठीत किती द्राक्षं गेली याचा हिशेब करा.

द्राक्षातलं विष नेमकं कोणतं, हे बरीच वर्षं कळत नव्हतं. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पशुविषतज्ज्ञांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. जात, पिकण्याची अवस्था यांप्रमाणे त्याचं प्रमाण बदलतं. म्हणून एक कुत्रा बागेत मणी खाऊनही ठणठणीत राहतो आणि दुसरा थोड्याच मण्यांनी आजारी पडतो. काळी-हिरवी, बियांची-बिनबियांची असा फरक धरू नका. इतकी चालतात असा सुरक्षित आकडा नाही. चिंचेतही हेच आम्ल भरपूर असतं, तेव्हा चिंचेचा कोळ, गाभुळलेल्या चिंचा, भेळेची आंबटगोड चटणी याच यादीत धरा. "आमच्या बागेतला कुत्रा वर्षानुवर्षं खातो" हे मला दर हंगामात ऐकायला मिळतं. शेरूच्या मालकांनीही तेच सांगितलं होतं.

तिसरी: कचऱ्याचा डबा, वेष्टन, उलटी

डबा जमिनीवर पालथा करा. हातमोजे घाला आणि काय कमी आहे ते बघा. चॉकलेटचं वेष्टन सापडलं तर त्यावरचं वजन आणि डार्क आहे की मिल्क, दोन्ही नोंदवा. उलटीचा फोटो काढा आणि थोडी पिशवीत भरून ठेवा. किळस वाटते खरी, पण डॉक्टरांना याचा जितका उपयोग होतो तितका तुमच्या अंदाजाचा होत नाही. एकदा एका पगच्या उलटीत मला तपकिरी, कुरकुरीत तुकडे दिसले. मालक म्हणत होते की गवत असेल. पाण्यात टाकून चोळले तर तळलेल्या कांद्याच्या पाकळ्या सुटल्या. नाशिकचा चिवडा, घरात आणलेला अर्धा किलो, पोरांनी पगसोबत वाटून खाल्लेला.

कांद्याबद्दल सविस्तर लिहायलाच हवं, कारण लासलगाव आपल्या जिल्ह्यात आणि कांद्याशिवाय आपली चूल पेटत नाही. कांदा-लसणातली गंधकाची संयुगं कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतात. शिजवून, तळून, वाळवून हा गुण जात नाही. कुत्र्याच्या दर किलो वजनामागे १५ ते ३० ग्रॅम कांद्याने रक्तात बिघाड दिसू लागतो. दहा किलोच्या कुत्र्यासाठी हे दीडशे ग्रॅम, म्हणजे एक मोठा कांदा. तळलेल्या किंवा वाळवलेल्या कांद्यातलं पाणी उडून गेलेलं असतं, त्यामुळे मूठभर पाकळ्या म्हणजे कितीतरी कच्चा कांदा. लसूण याहून तीव्र.

लोक म्हणतात, "कांदा बाजूला काढून फक्त रस्सा दिला." पण कांद्यातलं विष रश्श्यात उतरलेलं असतं. मिसळीचा कट, मटणाचं कालवण, वाटणाची आमटी ही तर कांदा-लसूण विरघळवूनच बनते. रोज भाकरीवर दोन चमचे कालवण घालणाऱ्या घरांत मी असा कुत्रा पाहिलाय की एकदाही गंभीर आजारी पडला नाही, फक्त महिनोन्महिने मरगळलेला, हिरड्या फिक्या. कालवण बंद केलं आणि महिन्याभरात तो पुन्हा गच्चीवर धावायला लागला.

चौथी: वजन करा आणि आकडा मांडा

बाथरूमच्या काट्यावर कुत्र्याला उचलून उभे राहा, मग एकटे उभे राहा, वजाबाकी करा. विषाचा सगळा हिशेब किलोमागे असतो. लॅब्राडोरला जे पचेल त्यात चिवावा जाऊ शकतो.

चॉकलेटचं उदाहरण घ्या. त्रास देणारं द्रव्य थिओब्रोमिन, जोडीला कॅफिन. किलोमागे २० मिलिग्रॅमला उलट्या आणि बेचैनी सुरू होते, ४०-५० ला हृदयाचे ठोके बिघडतात, ६० च्या पुढे झटके येऊ शकतात. मिल्क चॉकलेटच्या एका ग्रॅममध्ये साधारण २ मिलिग्रॅम, डार्कमध्ये ५ किंवा अधिक, कोको पावडरमध्ये २५ च्या आसपास. दहा किलोच्या कुत्र्याने ५० ग्रॅम डार्क खाल्लं तर २५० मिलिग्रॅम, म्हणजे किलोमागे २५. त्रास होणारच. तेवढंच मिल्क चॉकलेट खाल्लं तर किलोमागे १०, बहुतेक पोट बिघडण्यावर निभावतं. घरी केक करणाऱ्यांनी कोकोचा डबा वरच्या फळीवर ठेवावा; दहा ग्रॅम पावडर ही ५० ग्रॅम डार्क चॉकलेटच्या बरोबरीची आहे. हे द्रव्य कुत्र्याच्या शरीरातून फार सावकाश निघतं, त्यामुळे त्रास दोन-तीन दिवसही रेंगाळतो.

साखरेऐवजी गोडीसाठी घालतात त्या झायलिटॉलचा आकडा पाठच करा: किलोमागे ०.१ ग्रॅम पुरतो. साखरविरहित च्युइंगम, तोंडाला वास येऊ नये म्हणून चघळायच्या गोळ्या, काही पीनट बटर, काही टूथपेस्ट यांत हे असतं. वेष्टनावर नावाऐवजी ९६७ हा क्रमांकही असू शकतो. माणसाला यातून काही होत नाही. कुत्र्याच्या शरीरात मात्र इन्सुलिन एकदम सुटतं आणि रक्तातली साखर अर्ध्या तासात कोसळते. जास्त प्रमाणात गेलं तर यकृतही निकामी होतं. इथे हिशेब मांडत बसू नका. वेष्टन सापडलं की निघा.

पाचवी: ताप, श्वास, लघवी

एक डिजिटल थर्मामीटर कुत्र्यासाठी वेगळा ठेवा, टोकाला व्हॅसलिन लावून गुदद्वारातून घ्या. १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हे कुत्र्याचं नेहमीचं तापमान. माणसाच्या मापाने "ताप आहे" म्हणून पॅरासिटामॉल देणारे लोक मला भेटलेत. ती गोळी कुत्र्याला विष आहे, आयब्युप्रोफेनही. कधीच देऊ नका. झोपलेला असताना छातीची हालचाल मोजा. मिनिटाला तीसच्या पुढे सतत जात असेल तर नोंदवा.

लघवीसाठी पांढऱ्या टिश्यूचा तुकडा किंवा कापूस खाली धरा. मातीवर रंग कळत नाही. आणि तीन दिवस दर वेळची नोंद ठेवा: किती वाजता, साधारण किती. द्राक्षं किंवा बेदाणे पोटात गेल्यावर मूत्रपिंड कोलमडायचं असेल तर ते बहुधा एक ते तीन दिवसांत कोलमडतं. लघवी कमी होताना दिसली तर वाट पाहायची नाही.

एक गोष्ट इथे आवर्जून. आपल्याकडे फिक्या हिरड्या आणि लालसर लघवी म्हटलं की डॉक्टर आधी गोचीड तापाकडे बघतात, आणि ते बरोबरच आहे, कारण गोचीड सगळीकडे आहे. म्हणूनच कांदा खाल्ल्याचं तुम्ही स्वतःहून सांगायला हवं. रक्ताचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली नीट बघितला की दोन्हीतला फरक कळू शकतो, पण बघणाऱ्याला कांदा हे कारण माहीत असायला हवं.

घरचे उपाय

मीठ-पाणी पाजून ओकवायचं नाही. मिठानेच रक्तातला सोडियम वाढून मेंदूला इजा होते. मी असं प्रकरण पाहिलंय, ज्यात मूळ बिस्किटं निरुपद्रवी होती आणि त्रास पाजलेल्या मिठाचा झाला. तूप-दूध पाजून विष उतरत नाही. स्वादुपिंडाला आधीच सूज असेल तर तुपाने ती वाढते. घशात बोट घालू नका. ओकवायचं औषध डॉक्टरच देतात. खाल्ल्यापासून पहिल्या दोन तासांत त्याचा सगळ्यात जास्त उपयोग, द्राक्षांत त्यानंतरही होऊ शकतो. हाड गिळलेल्या किंवा गुंगीतल्या कुत्र्याला ओकवणं धोक्याचं.

सहावी: घरी थांबून बघणं, कोणाला चालेल?

कुत्रा प्रौढ आहे, एक-दोनदाच ओकला, हिरड्या गुलाबी, हिंडतोय, आणि शोधाअंती फक्त पुरणपोळी, बिनकांद्याची भजी किंवा शिळी भाकरी निघाली, तरच. काही तास पोटाला आराम द्या, पाणी थोडं थोडं. मग मऊ भात आणि मीठ-मसाल्याशिवाय उकडलेलं बिनहाडाचं चिकन, लहान लहान घास. शिळ्या अन्नावर बुरशी होती का हे मात्र बघा. बुरशी लागलेली भाकरी, शेंगदाणे, मका यांतली विषं यकृत बिघडवतात, काही बुरशींनी अंगाला कंप सुटतो. तसं असेल तर घरी थांबू नका.

पिल्लांना हे काहीच लागू नाही. पिल्लू दोनदा ओकलं की डॉक्टर, कारण पार्व्होची (पिल्लांच्या आतड्यांना होणाऱ्या जीवघेण्या विषाणू-आजाराची) सुरुवातही अशीच होते आणि उपाशी पिल्लाची साखर लवकर उतरते.

इथे थांबा, डॉक्टरांकडे जा

द्राक्ष, मनुका, बेदाणा, चिंच किंवा झायलिटॉल पोटात गेल्याचा नुसता संशय असेल तरी. कांदा किंवा चॉकलेट वरच्या हिशेबाच्या जवळपास जात असेल तेव्हा. मद्य किंवा आंबलेलं पीठ खाल्लं असेल तेव्हा. यीस्टचं पीठ पोटात फुगतं आणि त्यातून मद्यार्कही तयार होतो. शिजवलेलं हाड, कोय किंवा कणीस गिळलंय आणि चोवीस तासांत शी नाही, किंवा पाणीही टिकत नाही तेव्हा. अशा वेळी एक्स-रे किंवा सोनोग्राफी लागते, कधी ऑपरेशन, आणि ते जितक्या लवकर तितकं आतडं वाचतं.

जाताना चार गोष्टी न्या: वेष्टन, उलटीची पिशवी, कुत्र्याचं वजन, आणि खाल्ल्याची वेळ. रात्री अकराला फोन शोधत बसू नये म्हणून दोन-तीन दवाखान्यांना आजच विचारून ठेवा की रात्री कोण उघडं असतं, कुणाकडे एक्स-रे आहे, क्रिएटिनिन तिथल्या तिथे होतं का.

आणि द्राक्षाच्या बाबतीत पहिल्या दिवसाचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून कुत्र्याला घरी आणून विषय बंद करू नका. क्रिएटिनिन वाढायला वेळ लागतो. २४, ४८ आणि ७२ तासांनी पुन्हा तपासायला सांगा, डॉक्टर म्हणतील तितके दिवस सलाईन चालू द्या. खर्च होतो, रोज रिक्षाने नेणं-आणणं होतं. शेरूनंतर माझ्याकडे बेदाण्यांची तीन प्रकरणं आली. तिन्ही पहिल्या काही तासांत दवाखान्यात पोचली आणि तिन्ही कुत्री आज हिंडती-फिरती आहेत.

पुन्हा होऊ नये म्हणून

झाकण पायाने उघडतं तसा डबा घ्या, आणि सोमवारी सकाळी, रविवारची हाडं त्यात असताना, तो बाल्कनीत ठेवू नका. पाहुण्यांना आधीच सांगा. घरातल्यांना कुत्र्याला काही द्यायची हौस असतेच, तेव्हा चालणारे पदार्थ एका वेगळ्या डब्यात ठेवा: काकडी, गाजर, केळ्याचे काप, बी काढलेलं सफरचंद, उकडलेलं अंडं. नुसतं "देऊ नका" म्हटलेलं आमच्या कॉलनीत कुणी पाळलं नाही, हा डबा मात्र सगळ्यांनी पाळला.

इतकं करून महिन्याभरात पुन्हा उलटी झाली तर पहिल्या तपासणीपासून पुन्हा सुरुवात करा, मागच्या वेळचं उत्तर गृहीत धरू नका. दुसऱ्यांदाही ताटातलं काही सापडलं नाही, तर कारण अन्नाबाहेर आहे: जंत, गोचीड ताप, यकृत, मूत्रपिंड. ते रक्त आणि शी तपासूनच कळेल. नोंदींची वही सोबत न्या.